अर्धा पत्ता

आमच्या घरांत सध्यां दोन माणसें आहेत, आणि त्या दोघांनाहि घरांतली एकहि वस्तु सांपडत नाहीं. परवां सकाळीं अण्णांनीं अडकित्ता मागितला. मीं फडताळ पाहिलें, कोनाडा पाहिला, देवघराखालचा खण ओढून पाहिला, आणि मोठ्या निश्चयानें सांगितलें, "घरांत अडकित्ता नाहीं." अण्णा कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या प्रहरीं तो माजघराच्या मधल्या फळीवर, मेतकुटाच्या बरणीमागें निघाला. तो तेथें वीस वर्षें तरी असावा. आई असती तर तिनें अंगणांतून, हातांतलें काम न टाकतां, केवळ आवाजानें मला तेथवर नेऊन पोंचविलें असतें : "माजघरांत जा. डाव्या हाताला. वरची फळी नव्हे, मधली. बरणीच्या मागें हात घाल." येत्या महिन्यांत आईला जाऊन वर्ष होईल. वस्तु सगळ्या जागच्या जागीं आहेत; वाट तेवढी तिच्याबरोबर गेली.

"नाहीं" या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, वस्तूच नाहीं. दुसरा, मीं जेथें पाहिलें तेथें नाहीं. माणूस दुसरा अर्थ मनांत असतां खुशाल पहिला बोलून मोकळा होतो. आणि माणसानें घडविलेलीं यंत्रेंहि तेंच करतात, हें त्याच आठवड्यांत माझ्या प्रत्ययास आलें.

निमित्त झालें आईच्या वहीचें. आई चौथीपर्यंत शिकलेली. आष्टीस पिठाची गिरणी झाली, घरोघरचीं जातीं भिंतीशीं उभीं राहिलीं, आणि जात्याबरोबर ओव्याहि मुक्या होतील अशी तिला धास्ती वाटली. तेव्हां आईकडून, सासूकडून, शेजारणींकडून ऐकलेल्या व कांहीं स्वतः रचलेल्या अशा ओव्या तिनें एका दोनशें पानी वहींत उतरून काढल्या. हेमा राईरकर आणि गी प्वात्वाँ यांनीं महाराष्ट्रांतल्या गांवोगांवच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हें मीं तिला एकदां वाचून दाखविलें होतें. "लाख ? मग माझ्या दोन-तीनशें कुठें पुरणार !" असें म्हणून तिनें वही पुन्हा ट्रंकेंत ठेवून दिली. ती वही छापून वर्षश्राद्धाच्या दिवशीं भावकींत वांटावी, ही अण्णांची इच्छा. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेंत मास्तर होते. छापलेल्या अक्षरावर त्यांचा विश्वास ईश्वराहून थोडा कमी आणि सरकाराहून बराच अधिक आहे.

मजकूर मीं पुण्यास असतांनाच यंत्रावर उतरवून ठेवला होता. पानें जुळविण्यासाठीं माझाच एक लहानसा प्रोग्रॅम होता. सी भाषेंत, दहा वर्षांपूर्वीं हौसेनें लिहिलेला. बाजारांत तयार साधनें पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याहि एकानें हें काम दोन तासांत उरकलें असतें, हें मी आधींच मान्य करून टाकतों. पण ज्याला चार पदार्थ रांधतां येतात त्याला खाणावळींत जेवण्याचा कमीपणा वाटतो, त्यांतलाच हा प्रकार. ज्या यंत्रावर तो प्रोग्रॅम चालत असे तें यंत्र मध्यंतरीं निवर्तलें. मूळ लिखाण पेन ड्राइव्हवर उरलें होतें. तें नव्या लॅपटॉपवर पुन्हा बांधून काढावयाचें, एवढेंच काम. वर्षश्राद्धास तीन आठवडे होते. मीं अण्णांना दोन दिवसांचा वायदा केला.

ज्या वाचकांचा या विद्येशीं संबंध येत नाहीं, त्यांच्यासाठीं येथें थोडें थांबलें पाहिजे. सी भाषेंतला प्रोग्रॅम हा साध्या मजकुरासारखा लिहावयाचा असतो. कंपायलर नांवाचा दुभाषी तो वाचतो आणि यंत्राला कळेल अशा भाषेंत उतरवतो. परंतु सारेंच कांहीं कोणी स्वतः लिहीत बसत नाहीं. पडद्यावर वा कागदावर अक्षर काढणें हें एकच काम घ्या. त्यासाठीं जाणत्या लोकांनीं फ्रीटाइप नांवाची लायब्ररी करून ठेवली आहे. आपण तिच्याकडून काम करून घ्यावें. अशा लायब्ररीचे भाग दोन. एक तिचें अंग, म्हणजे यंत्रभाषेंत तयार असलेलें खरेंखुरें काम. आणि दुसरा तिचा हेडर. हेडर म्हणजे लग्नांतल्या याद्या. याद्यांच्या कागदांत नवरी नसते आणि नवरदेवहि नसतो. कोणत्या पक्षानें काय द्यावयाचें, काय घ्यावयाचें आणि कोणाला कोणत्या नांवानें हांक मारावयाची, एवढेंच त्यांत नमूद असतें. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींत आपण लिहितों, "अमुक हेडर समाविष्ट करावा". कंपायलर तो कागद शोधून काढतो, आणि मग आपलें पुढचें बोलणें याद्यांशीं जुळतें कीं नाहीं हें पाहतो.

गोम आहे ती या "शोधून काढतो" मध्यें. कंपायलर घरभर हिंडत नाहीं. त्याला नेमून दिलेलीं चार-दोन ठिकाणें असतात, आणि तेवढींच तो पाहतो. जुन्या छापखान्यांतला जुळारी आठवावा. त्याचा हात ज्या अक्षराचा जो खण ठरलेला, तेथेंच जाणार. खिळा चुकून शेजारच्या खणांत पडला असेल, तर जुळाऱ्याच्या लेखीं तें अक्षर छापखान्यांतच नाहीं.

पहिल्या रात्रीं मीं आज्ञा दिली आणि उत्तर आलें : एफटी-टू-बिल्ड.एच अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाहीं. पुढें काम बंद.

मीं काय करावें ? अडकित्त्याच्या बाबतींत केलें तेंच केलें. "नाहीं म्हणतो, म्हणजे नसेल," असा निकाल दिला. यांत मी अगदींच मूर्ख ठरत नाहीं, कारण तसें असूं शकतें. डेबियनसारख्या लिनक्स पद्धतींत लायब्ररीचें अंग आणि तिचे हेडर यांचीं गाठोडीं निरनिराळीं बांधलेलीं असतात. नुसता प्रोग्रॅम वापरणाऱ्याला अंग पुरतें. बांधणाऱ्याला याद्याहि लागतात, आणि त्या "डेव्ह" असें शेपूट असलेल्या दुसऱ्या गाठोड्यांतून आणाव्या लागतात. तें गाठोडें बसविलेलें नसलें तरीहि कंपायलर हेंच वाक्य बोलतो, आणि बसविलेलें असून जागा कळली नाहीं तरीहि हेंच वाक्य बोलतो. एका वाक्यानें दोन रोग सांगणारा वैद्य आपण दारांत उभा करणार नाहीं. पण या धंद्यांत तो पन्नास वर्षें सुखानें नांदतो आहे.

तेव्हां गच्चीवर जाऊन, मोबाइलचा धागा धरून, मीं तें गाठोडें मागवूं लागलों. बऱ्याच वेळानें यंत्रानें कळविलें कीं, मागितलेली वस्तु येथें आधींच आहे आणि ती अद्ययावत् आहे. खालीं माजघरांत "नाहीं", वर गच्चीवर "आहे" ! मग जें पहिल्यानें करावयास हवें होतें तें शेवटीं केलें. नांव सांगून सबंध यंत्राची झडती घेतली. दहा सेकंदांत पत्ता लागला : यूएसआर, त्याच्या आंत इन्क्लूड, आणि त्याच्याहि आंत फ्रीटाइप-टू नांवाची एक खोली. कंपायलर इन्क्लूडच्या ओटीपर्यंत गेला होता. आंतल्या खोलींत डोकावण्याची त्याला आज्ञा नव्हती. मधली फळी, बरणीच्या मागें.

ही आंतली खोली उगीच केलेली नाहीं. या लायब्ररीच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीच्या याद्यांत महदंतर आहे. दोन्ही एका यंत्रावर असल्या तर मिसळूं नयेत, म्हणून दुसरीला वेगळें दालन दिलेलें. व्यवस्था चोख, फक्त ती कोणीतरी सांगावी लागते. सांगण्याची रीत सोपी आहे. आज्ञेंत आडवी रेघ, तिला लागून मोठा आय, आणि त्यापुढें खोलीपर्यंतची सगळी वाट. मीं ती लिहिली. कंपायलर निमूटपणें आंत गेला, कागद काढला, आणि प्रोग्रॅम बांधून झाला. रात्रीचा एक वाजला होता. मला फार समाधान वाटलें. सकाळीं उठल्याबरोबर चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानांतून पहिलीं चार पानें छापून आणलीं, आणि तीं न पाहतांच, नव्या कागदाचा वास येत असतांना, अण्णांच्या पुढ्यांत ठेवून मी आंघोळीस गेलों.

बाहेर येऊन पाहतों तों अण्णा चष्मा लावून, मांडीवर पाट घेऊन, लाल पेन्सिलीनें पानें तपाशीत बसलेले. ही लाल पेन्सिल त्यांनीं निवृत्त होतांना शाळेंतून आणली कीं काय न कळे. पण ती अद्याप संपलेली नाहीं. मी जवळ जाऊन पाहिलें. एकहि ओळ धड नव्हती. ऱ्हस्व वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या उजव्या अंगास जाऊन पडल्या होत्या. जोडाक्षरें मोडून त्यांचे पाय लोंबत होते. रफार डोक्यावरून उतरून रस्त्यावर आला होता. "कार्तिकी" हा शब्द आईच्या वहींत पदोपदीं येतो. त्यांतल्या र चा पाय मोडलेला, त उघडा, आणि त ची वेलांटी पुढच्या क च्या गळ्यांत. अण्णांनीं एकेक वेलांटी लाल रेघेनें ओढून तिच्या घरीं पोंचविली होती. चारहि पानें लालेलाल. आणि चौथ्या पानाच्या तळाशीं, चाळीस वर्षांच्या संवयीनें, शेरा : "पुन्हा लिहून आणणें."

"तुझी आई चौथी शिकलेली होती," अण्णा म्हणाले, "पण वेलांटी कुठें द्यायची हें तिला कळत होतें."

मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. कारण चूक काय घडली हें पहिल्या ओळीवरूनच माझ्या ध्यानांत आलें होतें, आणि ती यंत्राची नव्हती. आपली अक्षरें यंत्राच्या स्मरणांत उच्चाराच्या क्रमानें सांठविलेलीं असतात : आधीं क, मग त्याचा इकार. लिहितांना मात्र इकाराची वेलांटी क च्या आधीं काढावी लागते. क्ष, त्र, ठ्ठ हीं जोडावीं लागतात, र डोक्यावर चढवावा लागतो. फ्रीटाइपला एकेक अक्षर सुरेख काढतां येतें. कोणतें कोणाच्या आधीं आणि कोणाच्या डोक्यावर, हें ज्ञान तिच्यापाशीं नाहीं. तें दुसऱ्या एका लायब्ररीपाशीं आहे. तिचें नांव हार्फबझ. इराणांत जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख कर्ते, आणि नांव फारसी : हरफ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलें. "तोंडांतून हरफ निघाला नाहीं" असें आपण बोलतों, तोच हा हरफ. आमचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. माझ्या आजोबांना हा शब्द कोशांत पाहावा लागला नसता.

आतां ही लायब्ररी यंत्रावर नव्हती काय ? होती, हेडरांसकट होती. पण तिचेहि हेडर इन्क्लूडच्या आंत स्वतःच्या वेगळ्या खोलींत. आणि येथें माझी दहा वर्षांपूर्वींची हुशारी आडवी आली. तेव्हां मीं प्रोग्रॅमांत एक अट घालून ठेवली होती : हार्फबझचा हेडर दिसला तर तो घ्यावा; न दिसला तर गाजावाजा न करतां, त्यावांचून पुढें चालूं लागावें. ही अट लिहितांना मला आपण फार समंजस आहोंत असें वाटलें होतें. कोणा गरिबाच्या यंत्रावर ती लायब्ररी नसली तरी त्याचें काम अडूं नये, वगैरे वगैरे. फ्रीटाइपच्या वेळीं कंपायलर ओरडला, म्हणून मी गच्चीपर्यंत धांवलों. हार्फबझच्या वेळीं त्याला तितकेंच कमी दिसलें. पण न ओरडण्याची शिकवण त्याला मींच दिली होती. सांपडत नाहीं म्हणून काम थांबविणारा माणूस त्रास देतो. सांपडलें नाहीं हें न सांगतां काम उरकून देणारा घात करतो. त्या चार पानांवर माझ्या आईचें नांव होतें.

संध्याकाळीं दिवेलागणीस अण्णा माझ्या शेजारीं येऊन बसले. राग गेलेला होता. "वस्तु यंत्रांत आहे म्हणतोस, मग त्याला ती दिसत कां नाहीं ?"

"त्याला खोली सांगावी लागते, अण्णा. नुसतें नांव पुरत नाहीं."

"म्हणजे पत्ता अर्धा," अण्णा म्हणाले आणि गप्प राहिले. मग थोड्या वेळानें म्हणाले, "तुझ्या आजोबांच्या कार्डासारखें."

ही हकीकत मला तुटक तुटक ठाऊक होती. सबंध अशी त्या दिवशीं ऐकली. १९६९ सालची गोष्ट. आईचें नुकतेंच लग्न झालेलें. माहेरीं तिचे वडील अंथरुणाला खिळले, "मुलीला बोलवा" म्हणाले, म्हणून शेजारच्या कोणा भल्या माणसानें घाईघाईनें एक कार्ड टाकलें. त्यावर अण्णांचें नांव आणि खालीं "मु. पो. आष्टी". तालुका नाहीं, जिल्हा नाहीं. कार्ड बीड जिल्ह्यांतल्या आष्टीस गेलें, तेथें कांहीं दिवस आमच्या आडनांवाचा माणूस शोधलें, आणि फिरत फिरत आमच्या दारीं आलें तें तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीं. "टपालवाल्याचा यांत दोष नाहीं," अण्णा म्हणाले. "त्यानें कार्ड आष्टीलाच पोंचविलें होतें."

आणि आष्ट्या तरी किती ! बीड जिल्ह्यांत तालुक्याचें गांव तें एक. वर्धा जिल्ह्यांत तालुक्याचेंच दुसरें, १९४२ च्या ऑगस्टांतल्या हुतात्म्यांमुळें इतिहासांत गेलेलें. सोलापूर जिल्ह्यांत मोहोळ तालुक्यांत तिसरें. तेथें फेब्रुवारी १८१८ मध्यें बापू गोखले पडले आणि पेशवाईचा कणा मोडला. गडचिरोलीकडे वैनगंगेकांठीं चवथें. आमचें परतूर तालुक्यांतलें. शाळेंत असतांना "बापू गोखले आष्टीस पडले" हें वाक्य वाचून आम्ही मुलें गांवाबाहेरच्या माळावर तलवारीचे तुकडे शोधीत हिंडलों होतों. २०२२ सालीं आष्टीपर्यंत आगगाडी आली तेव्हां पुण्यामुंबईच्या तीन नातेवाइकांनीं मला अभिनंदनाचे फोन केले. ती आली होती अहमदनगरहून बीडच्या आष्टीस. आम्ही अजून परतूर स्टेशनावर उतरतों.

कंपायलरचीहि अशी फसगत होते, आणि ती "नाहीं" म्हणण्याहून वाईट. त्याला दिलेल्या वाटा तो डावीकडून उजवीकडे क्रमानें चालतो, त्यानंतर आपल्या नेहमींच्या ठिकाणीं जातो, आणि त्या नांवाचा पहिला कागद मिळाला कीं थांबतो. तो कागद दुसऱ्या आवृत्तीचा असला तर ? त्याला काय त्याचें ! नांव जुळलें, काम झालें. मग याद्या एका लग्नाच्या आणि वऱ्हाड दुसऱ्या लग्नाचें, असा तमाशा होतो. गांवाला पोंचलेलें कार्ड चुकलेलें आहे, हें गांव कसें सांगणार ?

टपालाच्या या दुखण्यावरचा उतारा ज्यांनीं काढला ते श्रीराम भिकाजी वेलणकर. हे गृहस्थ टपालखात्याचे मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. संस्कृतांत नाटकें लिहिणाऱ्या माणसाला वर्गीकरणाची हातोटी असल्यास नवल नाहीं. त्यांची सहा अंकी पिन पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरूं झाली. पहिल्या अंकानें देशाचा विभाग (आपला चार), पहिल्या तिहींनीं टपालाची छाननी करणारा जिल्हा, आणि शेवटच्या तिहींनीं नेमकें टपालघर. खोली, फडताळ, फळी. त्याच सुमारास अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची सी भाषा घडवीत होते. आम्हां मराठवाड्यांतल्या लोकांना मात्र बहात्तर साल म्हटलें कीं दुष्काळ आणि लाल मिलोची भाकरी यांवांचून दुसरें कांहीं आठवत नाहीं.

अण्णा उठले आणि ट्रंकेंतून आईची मूळ वही घेऊन आले. मीं ओव्या टाइप केल्या होत्या त्या दुसऱ्या पानापासून. पहिलें पान मीं ओलांडून गेलों होतों, कारण त्यावर ओवी नव्हती. तेथें आईनें आपलें नांव लिहिलें होतें आणि खालीं पत्ता. मु. पो. आष्टी. ता. परतूर, अधोरेखित. जि. परभणी, पण "परभणी" खोडलेलें, आणि वर निराळ्या शाईंत "जालना". त्याखालीं सहा अंक. ट्रंकेंतून कधीं बाहेर न निघणाऱ्या वहीवर इतका पत्ता !

त्या खोडलेल्या परभणीकडे पाहतां पाहतां माझ्या लक्षांत आलें कीं, मीं रात्रीं केलेली दुरुस्ती कच्ची आहे. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला, तेव्हां परतूर तालुका परभणींतून काढून त्यांत घातला. गांव तसूभरहि हललें नाहीं, पत्ता बदलला. फ्रीटाइपचें २०१३ सालीं असेंच झालें. तिच्या कर्त्यांनीं हेडरांच्या खोल्यांची मांडणी बदलली, आणि ज्यांनीं ज्यांनीं जुनी वाट आपल्या प्रोग्रॅमांत हातानें कोरून ठेवली होती त्यांचीं कामें जगभर अडलीं. मीहि रात्रीं वाट कोरूनच ठेवली होती. उद्यां यंत्र बदललें कीं पुन्हा गच्ची.

यावरचा शहाणपणाचा मार्ग असा कीं, पत्ता आपण पाठ करूं नये. तो ज्याचा त्याला विचारावा. पुष्कळशा लायब्रऱ्या यंत्रावर मुक्कामास येतांना एक चिठ्ठी ठेवून देतात : माझे हेडर या खोलींत, माझें अंग त्या खोलींत, आणि मला अमक्या शेजाऱ्यांची गरज लागते. पीकेजी-कॉन्फिग नांवाचा एक कारकून या चिठ्ठ्या संभाळतो. "फ्रीटाइप आणि हार्फबझ कोठें राहतात ?" असें विचारलें कीं तो चिठ्ठ्या काढून कंपायलरला सांगावयाचें वाक्य तयार करून देतो. (कारकुनाला स्वतःलाच चिठ्ठी न सांपडल्यास त्यालाहि चिठ्ठ्यांच्या पेटीची वाट सांगावी लागते. कोठेंतरी कोणीतरी सांगावेंच लागतें.) मीं माझी कोरलेली वाट पुसली आणि तेथें त्या कारकुनाचें नांव घातलें. माझी ती समंजस अटहि उलटी केली : हार्फबझ दिसली नाहीं, तर थांबावें आणि मोठ्यानें ओरडावें.

मग लिंकरनें थोडा त्रास दिला. याद्या सांपडल्या तरी नवरी मांडवांत आणावी लागते. हें अंग जोडण्याचें काम लिंकरचें, आणि "या नांवानें हांक मारलेली आहे, पण असें येथें कोणी नाहीं," ही त्याची तक्रार कंपायलरच्या तक्रारीहून निराळी. हेडर मिळाला म्हणजे लायब्ररी मिळाली अशी समजूत करून घेऊन पुष्कळ नवशिके येथें याद्यांचीच वाट पुन्हा पुन्हा सांगत बसतात. माझी चूक क्रमाची होती. लायब्ररीचें नांव मीं आज्ञेंत आपल्या लिखाणाच्या आधीं घातलें होतें. पानें मांडण्यापूर्वींच वाढपी पंगतींतून जाऊन आला. कोणी मागितलें नाहीं, त्यानें वाढलें नाहीं. नांव उचलून शेवटीं ठेवलें, आणि झालें. असो.

दुसरे दिवशीं दुकानांतून निघण्यापूर्वीं, या खेपेस, मीं पानें स्वतः वाचलीं. पहिलें पान पत्त्याचें. "परभणी" खोडलेलेंच ठेवलें होतें. घरीं येऊन तीं अण्णांच्या पाटावर ठेवलीं आणि मी तेथेंच बसून राहिलों.

अण्णांनीं लाल पेन्सिलीला टोक काढलें. पत्त्याच्या पानावर ते बराच वेळ थांबले. मग एकेका शब्दाखालून टोक नेत, कागदाला न टेकवतां, ते पुढें सरकूं लागले. "कार्तिकी"वर थांबले, रफार पाहिला, वेलांटी पाहिली, पुढें गेले. चौथ्या पानाच्या मध्यावर टोक कागदाला टेकलें. मी वांकून पाहिलें. आईनें लिहिलें होतें "इठ्ठल". वहींत सर्वत्र तसेंच आहे, जात्यावर म्हणतात तसें. आमच्या शाळेंतल्या मुलांच्या पाट्यांवरचे असे किती इठ्ठल अण्णांनीं खोडून विठ्ठल केले असतील, त्याची गणती नाहीं. टोक त्या इ पाशीं कांहीं वेळ टेकलेलें राहिलें. कागदावर एक बारीक लाल ठिपका उमटला.

मग त्यांनीं पेन्सिल कानावर ठेवली आणि पान उलटलें.

"किती प्रती काढतोस ?" त्यांनीं विचारलें.